पाठ केलेले निरोप

शिरोडा,
रविवार, ११ डिसेंबर १९५५

तुमच्या पायांवर डोकं ठेवते. राग मात्र उतरलेला नाही, तो तसाच ठेवून लिहिते.

तुमचा निरोप पोचला, कागद पोचला नाही. तो वाटेत खराब झाला, असं पाद्री कायतान म्हणाले. पण तो त्यांनी आधीच पाठ करून ठेवला होता. काल सकाळी ते ओटीवर येऊन बसले, डोळे मिटले आणि शाळेत कविता म्हणतात तसा तुमचा निरोप म्हणायला लागले. मी सुंभ वळत होते. उठले नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. पोर्तुगिजांचा परवाना खिशात घालून हा माणूस दर महिन्याला खाडी ओलांडून गोव्यात जातो. त्याच्या तोंडून तुमचं नाव ऐकून मी काय समजायचं?

मग ते म्हणाले, "बाये, मास्तरांनी आणखी एक सांगल्यानी. वेंगुर्ल्याची सभा अजून उठूक नाय, म्हणान घराक येवक उशीर होता."

माझ्या हातातला सुंभ सुटला.

तेरा ऑगस्टला सकाळी तुम्ही मला काय सांगितलंत? वेंगुर्ल्याला शिक्षकांची सभा आहे, उद्या येतो. मी सुका बांगडा भाजून भाकरीबरोबर बांधून दिला. तुम्ही सत्याग्रहींबरोबर गोव्यात शिरलात हे मला तिसऱ्या दिवशी गावातून कळलं आणि गोळीबार झाल्याचं चौथ्या दिवशी. नवरा आपल्याला खोटं सांगून गेला हे मी कुणाकडे बोलले नाही, लाज वाटली. म्हणजे त्या सभेचं फक्त आपल्या दोघांना ठाऊक. तेव्हा कुठे पटलं की तुम्ही जिवंत आहात. आत गेले, चुलीपुढे बसून रडले, आणि मग त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले.

तुम्ही किल्ल्यातल्या तुरुंगात आहात, गुडघ्याखाली गोळी लागली आहे, दहा वर्षांची सजा झाली आहे, हे सगळं त्यांनी सांगितलं. रविवारी तिथल्या ख्रिस्ती कैद्यांसाठी मासची प्रार्थना म्हणायला येणारे फादर सेबॅस्टियन चिठ्ठ्या घेतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमचे पाद्री पलीकडच्या चर्चमध्ये म्हाताऱ्या-आजाऱ्यांना भेटायला जातात, तेव्हा त्या त्यांच्या हाती येतात. पाद्रींची अट एकच: हे कुणालाही कळता कामा नये. खाडीच्या अल्याडची गोष्ट पल्याड जायला एक भरती पुरते, असं ते म्हणाले. एकदा का तिकडे कळलं, की परवाना गेला आणि फादर सेबॅस्टियनही गेले.

म्हणून तुमच्या आईलाही मी सांगितलेलं नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही हे तुम्हीच म्हणायचात. त्या रोज देवळात जाऊन तुमच्यासाठी गाऱ्हाणं घालतात आणि मी गप्प बसून ऐकते.

पाद्रींच्या चष्म्याची एक काच फुटली आहे. कशी ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पाय कसा आहे ते खरं लिहा. आता तरी खरं लिहा.

तुमची,
सुभद्रा


शिरोडा,
मंगळवार, २८ फेब्रुवारी १९५६

तुमचं पत्र आलं, या वेळी कागदावर. एस्पेरांसाबाईंनी पाद्रींच्या झग्याची दुमड उसवून काढून दिलं. एस्पेरांसाबाई म्हणजे पाद्रींची धाकटी बहीण, त्यांचं घर सांभाळते.

तुमचं अक्षर बघितलं. ओळी तिरप्या गेल्या आहेत. ताप असताना लिहिलंत ना? जखम भरत नाही, पू येतो आणि तिथला डॉक्टर वरून नुसतं औषध फासून जातो, असं तुम्ही एका ओळीत लिहिलं आहे. पुढच्या चार ओळी पाद्री कायतान किती देवमाणूस, त्यांना एकदा घरी जेवायला बोलव, यावर. त्या चार ओळींनी माझी झोप गेली. मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली होती.

सप्टेंबरात पाद्री पहिल्यांदा आपल्याकडे आले. दारातूनच हळू म्हणाले, "तुजो घोव जितो आसा." आणि लगेच विचारायला लागले, त्यांच्याबरोबर आणखी कोण कोण गेले, बापाचं नाव काय, गाव कुठलं. मी विचारलं, "नावां तुमका कित्याक व्हयी?" ते एवढंच म्हणाले, "कामाक येतली." पलीकडे काहींनी पोलिसांना खोटी नावं सांगितली होती, त्यांच्या घरच्यांना गाठायचं कसं हे त्यांना कळत नव्हतं, एवढं ते बोलले असते तर! पण मला तरी ते विश्वासाने कसं सांगणार? मला वाटलं, हा पाखल्यांचा, त्या पोर्तुगिजांचा माणूस आहे आणि उरलेल्यांना पकडायला नावं गोळा करतो आहे. मी नावं दिली नाहीत. ते गेले तशी उठले आणि गंगारामभावोजींना जाऊन सांगितलं.

तुमच्या मित्राचं तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याबरोबर खाडीच्या धक्क्यापर्यंत आले आणि तिथून मागे फिरले. अल्याडची व्यवस्था बघायला कुणीतरी हवं, असं तेव्हा ठरलं होतं म्हणे. तुम्हाला गोळी लागली, ते घरी सुखरूप. तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नाही. मी सांगितलं आणि त्यांना जणू कामच मिळालं.

नोव्हेंबरात पाद्री पलीकडून परत आले तेव्हा आरोंद्याच्या धक्क्यावर दहा-बारा जणांनी त्यांना गराडा घातला. खिसे उलटे करा म्हणाले. पाद्रींनी झग्यात हात घातला, कागद काढले, तोंडात कोंबले आणि चावून गिळले. मग त्यांना मारलं. चष्मा गंगारामभावोजींच्या ठोशाने फुटला. दुसऱ्या दिवशी भावोजी आपल्याच ओटीवर बसून फुशारकीने सांगत होते, "वयनी, कागद खाल्ल्यान! खरो माणूस कागद खाता?" मी त्यांना चहा केला. मला बरं वाटलं होतं.

त्या कागदांत तुमचं पत्र होतं. तुमचं आणि आणखी आठ जणांचं.

"हे तुमच्याच माणसांचे निरोप आहेत," एवढं एक वाक्य ते बोलले असते तर त्याच लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन नाचवलं असतं. आणि पुढच्या शुक्रवारी पलीकडच्या पोलिसांनी त्यांना होडीतून उतरू दिलं नसतं. म्हणून त्यांनी मार खाल्ला. महिनाभर अंथरुणावर होते. उठले आणि नऊ घरांत नऊ निमित्तं काढून गेले, आणि पाठ केलेले नऊ निरोप म्हणून दाखवले.

त्यांना कुणी मारलं हे त्यांना ठाऊक आहे. कुणाच्या सांगण्यावरून, ते ठाऊक आहे की नाही, कळत नाही. मला विचारायचा धीर नाही. आणि हे सारं मी ज्या कागदावर लिहिते आहे तो शुक्रवारी त्यांच्याच झग्यातून तुमच्याकडे येणार. ते वाचत नाहीत. पाकीट चिकटवू नको म्हणतात, बंद पाकिटाचा जास्त संशय येतो. मी घडी घालून हातात देते आणि ते खाली बघून घेतात.

एस्पेरांसाबाईंनी वेंगुर्ल्याच्या एका दवाखान्यातून पेनिसिलीनच्या कुप्या मिळवल्या आहेत. आजाऱ्यांना लावायच्या पवित्र तेलाची पाद्रींची एक डबी असते, तिच्यातल्या बाटल्यांशेजारी त्या बसतात. पाखले ती डबी उघडतात, पण आत हात घालत नाहीत, देवाला भितात म्हणे. फादर सेबॅस्टियनना सुई टोचता येते, आजारी कैद्यांच्या निमित्ताने ते रोज येतील. सहा दिवस, दिवसाला दोन. एकही चुकवू नका.

त्यांना जेवायला कसं बोलावू, तुम्हीच सांगा.

सुभद्रा


शिरोडा,
बुधवार, १७ जुलै १९५७

सासूबाई सोमवारी पहाटे गेल्या.

पंधरा दिवस ताप होता. शेवटचे दोन दिवस त्या कुणाला ओळखत नव्हत्या, फक्त "हरी खंय आसा?" एवढंच म्हणायच्या. रविवारी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी दार लावून घेतलं. डब्यातून तुमची सगळी पत्रं काढली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि पहिल्यापासून वाचत गेले. तुम्ही तुरुंगात पोरांना गणित शिकवता ते, कोठडीतून समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो ते, पाय भरून आला ते. "आईला सांग, मी दोन वेळ जेवतो," हे मी तीनदा वाचलं.

त्यांनी डोळे उघडले. मला म्हणाल्या, "दोन वर्सां माज्यापासून लपवून ठेवलंस गो?"

मी "होय" म्हटलं.

"बरा केलंस. मी अख्ख्या गावाक सांगितलंय असता."

एवढं बोलून त्या हसल्या. खरंच हसल्या. मग पहाटेपर्यंत माझा हात सोडला नाही. अग्नी तुमच्या चुलतभावाने दिला. तुम्ही तिथे काही खाल्लं नाही तर आईच्या आत्म्याला त्रास होईल, तेव्हा जेवा.

सुभद्रा


शिरोडा,
रविवार, २२ डिसेंबर १९५७

इकडे सगळं ठीक.

गेल्या महिन्यात खाडीच्या तोंडाशी पाखल्यांच्या गस्तीच्या बोटीने गोळ्या झाडल्या. शिवा, खालच्या वाडीतला, जाळं काढत होता. तो गेला. तुमच्या वर्गात होता ना? चार दिवस गावात फार तंग होतं, आता निवळलं आहे.

पाद्री बरे आहेत. मीही बरी आहे. विहिरीवर हल्ली दुपारी जाते, गर्दी नसते. सुंभाचं काम थांबवलं आहे, डोळ्यांना त्रास होतो. गंगारामभावोजी कामात असतात, येणं होत नाही.

तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या वेळी देते. कागद लहान आहे.

सुभद्रा


शिरोडा,
रविवार, १० मे १९५९

हे पत्र कुणाच्या हातून जाणार, मला ठाऊक नाही. बहुतेक कुणाच्याच नाही. तरी लिहिते, आणि जाणार नाही म्हणूनच सगळं लिहिते.

मार्चात पलीकडे फादर सेबॅस्टियनना पकडलं. तुमच्याच किल्ल्यात, त्यामुळे तुम्हाला कळलं असेलच. त्यांना आगबोटीवर घालून लिस्बनला नेलं म्हणतात. कुणी म्हणतं आफ्रिकेला. एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी आमचे पाद्री तिकडे गेले. एस्पेरांसाबाईंनी पाय धरले, जाऊ नका म्हणून. ते म्हणाले, "आज गेलंय नाय तर तेंका समजतला की मी भियालंय. भियालेल्या माणसाकडे काय तरी असता." तेलाची डबी घेऊन गेले. अकरा दिवस परत आले नाहीत.

बाराव्या दिवशी होडीवाल्याने धक्क्यावर उतरवलं. दोन्ही हातांना फडकी बांधलेली होती. परवाना काढून घेतलेला. पोलिसांनी काय विचारलं, त्यांनी काय सांगितलं, यावर ते एक अक्षर बोलले नाहीत. पण अल्याडच्या नऊ घरांपैकी एकाही घरातलं नाव पलीकडे बाहेर आलं नाही, यावरून काय ते मी समजले. एस्पेरांसाबाई त्यांना भरवतात. गावात लोक म्हणतात, मालकांशी काहीतरी बिनसलं असेल.

आता ते दुसरं सांगते. "इकडे सगळं ठीक" असं मी लिहिलं होतं ते.

दीड वर्षापूर्वी शिवाचं प्रेत आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी चर्चकडे चालले होते, तुमच्यासाठीची चिठ्ठी पोलक्यात होती. पोचते तर अंगणात तीस-चाळीस माणसं. शिवाचा भाऊ होता. बाळा मेस्त्रीच्या हातात घासलेटचा डबा. पुढे गंगारामभावोजी. पाद्री पायरीवर उभे, त्यांच्यामागे दाराला धरून बहीण.

भावोजी ओरडत होते, "होड्यो कधी सुटतत, खंय जातत, ह्या पाखल्यांका कोण सांगता? महिन्याक तिकडे कोण जाता?"

पाद्री म्हणाले, "मी जातंय. पण ह्या मी सांगूक नाय."

"मगे धक्क्यार कागद कित्याक गिळलंस?"

"ते माझे नाय होते. कोणाच्या तरी मनातला होता त्यांच्यात. दुसऱ्याक दाखवूचो माका हक्क नाय."

बाळाने डब्याचं झाकण काढलं. वास माझ्यापर्यंत आला.

त्या दोन क्षणांत मी काय काय विचार केला म्हणून सांगू! खरं सांगितलं तर पाद्री वाचतील. पण चाळीस माणसं ऐकतील, संध्याकाळपर्यंत चारशे, आणि उद्याच्या भरतीबरोबर ते तिकडे. मग फादर सेबॅस्टियन जातील. तुम्ही नऊ जण पुन्हा अंधारात. तुम्हा सगळ्यांची औषधं बंद. आणि गप्प बसले तर माझ्या डोळ्यांदेखत दोन म्हातारी माणसं जळतील. तीही माझ्याच शब्दावर, कारण पाद्रींवरचा सारा आरोप माझ्या एका शब्दावर उभा होता.

मी गर्दीतून पुढे जाऊन पायरीवर उभी राहिले. म्हटलं, "गंगारामभावोजीनू, ह्या पाद्रीन माज्याकडे नावां विचारूकच नाय होती. मी तुमका खोटा सांगितलंय."

ते म्हणाले, "वयनी? कित्याक?"

"घोव माका फसवून गेलो, तेचो राग होतो. कोणावर तरी काढूक व्हयो होतो. ह्यो समोर गावलो."

हे बोलले आणि मलाच कळलं की यातलं अर्धं खरं आहे.

मग शिवाचा भाऊ माझ्या पायाशी थुंकला. मागून कुणी बाई म्हणाली, "मास्तर थंय कुसता आणि बायल पाखल्यांची झाली." बाळाने झाकण लावलं. एकेक करून माणसं निघून गेली. शेवटी भावोजी राहिले. त्यांना मला मारायचं होतं, मला दिसत होतं. ते म्हणाले, "हरिश्चंद्राक काय त्वांड दाखवशीत?" आणि गेले.

पाद्री पायरीवर बसले. मी म्हटलं, "विचारलं होतं तुम्ही. आणि मी भावोजींना सांगितलं होतं. तुमचा मार माझ्यामुळे." एवढी दोन वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते घासलेटच्या वासात निघालं.

"माका ठावक होता, बाये," ते म्हणाले. "तुज्या दाराकडसून गेलंय आणि मगेच ते लोक माज्या पाठीक लागले. मी काय खुळो आसंय?"

"मग परत माझ्याकडे का आलात?"

"निरोप तुजो होतो. तो तुकाच देवक व्हयो होतो." मग म्हणाले, "आज तू माज्यासाठी खोटा बोललंस. तेचा पाप माज्या माथ्यार."

मी म्हटलं, "पापाचं तुमचं तुम्ही बघा. मला ही चिठ्ठी पोचवायची आहे." आणि पोलक्यातून काढून दिली. त्यांनी घेतली. दीड वर्ष आणखी, महिन्यामागून महिना, ते जात राहिले.

त्या दिवसापासून गावात मला कुणी बोलावत नाही. सुंभ मी थांबवला नाही, व्यापाऱ्याने माझ्याकडून घेणं थांबवलं. हळदीकुंकवाला माझ्या घरासमोरून पुढे जातात. मी विहिरीवर गेले की बायका कळशा उचलतात. मला याचं दुःख होत नाही असं लिहिणार होते, पण आता खोटं लिहून काय उपयोग? होतं. पाद्रींना हेच दोन वर्षं आधी सोसावं लागलं, ते माझ्यामुळे. मग मी डोकं वर करून कळशी भरते.

पाद्रींना आता मालवणच्या चर्चमध्ये राहायला पाठवलं आहे, बहिणीसकट. परवा गेले. बैलगाडीत चढताना त्यांना हात धरायला कुणी आलं नाही. मी गेले होते. ते म्हणाले, "मास्तर येतले. तू खंय जाव नको." मी कुठे जाणार?

आता ना चिठ्ठी येणार, ना जाणार. तुमचं शेवटचं पत्र फेब्रुवारीतलं. त्यात तुम्ही पुन्हा विचारलं होतं, विहिरीवर दुपारी का जातेस? तुम्ही ओळखलं होतं तर.

सुभद्रा


शिरोडा,
शनिवार, ६ जानेवारी १९६२

पाद्री कायतान यांस सुभद्रेचा नमस्कार. एस्पेरांसाबाईंनाही.

हे पत्र पहिल्यांदाच तुम्हाला. आजवर तुमच्या हातून दुसऱ्याला लिहिली.

गोवा मोकळा झाल्याचं तुम्हाला मालवणात कळलंच असेल. हे चोवीस डिसेंबरला घरी आले. काठी लागते, केस पांढरे झाले आहेत. दारात उभे राहिले तर मी क्षणभर ओळखलं नाही. पाय वाचला तो तुमच्या कुप्यांमुळे, असं मिलिटरीच्या डॉक्टरनेही सांगितलं. ते स्वतः तुमच्याकडे यायला निघाले होते, पण प्रवासाने ताप भरला आहे. उतरला की आम्ही दोघं येतो.

आल्यावर पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे न पाठवलेलं पत्र ठेवलं. ते त्यांनी दोनदा वाचलं. संध्याकाळी कळशी उचलली आणि काठी टेकत माझ्याबरोबर विहिरीवर आले. कळशी भरून त्यांना पेलली नाही, अर्धी सांडली. बायका बघत होत्या.

परवा शाळेच्या पटांगणात सत्कार होता. आसपासच्या चार गावांचे लोक. सुटून आलेल्यांपैकी पाच जण व्यासपीठावर बसले होते. मी सगळ्यांत मागे, एकटी. गंगारामभावोजींनी भाषण केलं, छान केलं, आणि यांच्या गळ्यात हार घालायला वाकले. यांनी हार हातात घेतला आणि विचारलं, "पाद्री खंय आसत?"

मग भावोजी हळू म्हणाले, "तो? तो पाखल्यांचो माणूस. मालवणाक गेलो."

हे उठले. भाषण करायची यांची रीत तुम्हाला ठाऊक नाही, वर्गात पाढे सांगावेत तसं बोलतात. त्यांनी एकेका महिन्याचं सांगितलं. कुठल्या शुक्रवारी कुणाचं पत्र आलं, कुणाचं औषध आलं, कुणाच्या मुलीचं बारसं झाल्याची बातमी आली. धक्क्यावर तुम्ही गिळलेले कागद कुणाचे होते ती नऊ नावं घेतली. प्रत्येक नावाला व्यासपीठावर नाहीतर पटांगणात एकेक माणूस उभा राहत गेला. दोन नावांना कुणी उभं राहिलं नाही, ते तिकडेच गेले. त्यांच्या आयांनी हात वर केले. मग यांनी सांगितलं की हे सारं माझ्या बायकोला ठाऊक होतं, आणि तिने गावाची थुंकी का झेलली तेही सांगितलं. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी तिथे थांबले नसते.

शिवाचा भाऊ येऊन माझ्या बाजूला जमिनीवर बसला. हार टेबलावर पडून होता. गंगारामभावोजी कधी निघून गेले ते कुणी पाहिलं नाही.

आज सकाळी मी अंगण झाडत होते तर भावोजी गडग्याच्या कुंपणापलीकडे उभे. चार वर्षांनी. दाढी वाढलेली. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

म्हणाले, "तुका सगळा ठावक होता? इतकी वर्सां?"

"होय."

"आणि माका सांगूक नाय?"

मी विचारलं, "सांगितलंय असता तर तुमी गप रवला असतात?"

खोटं बोलले असते तरी मी मान्य केलं असतं. पण ते म्हणाले, "नाय. धक्क्यार जावन वरडलंय असतंय." आणि तिथेच गडग्याला धरून खाली बसले आणि मोठ्या माणसाने रडू नये तसे रडले. मी केरसुणी घेऊन उभी होते. तुमच्या चष्म्याची, हातांची, घासलेटच्या वासाची आठवण मला होती आणि मला त्यांचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. मग मला वाटलं, त्या दिवशी भावोजींना उठवून धक्क्यावर पाठवलं कुणी? मी केरसुणी ठेवली आणि पाणी आणलं.

पाणी प्यायल्यावर त्यांनी तुमचा पत्ता मागितला. मी म्हटलं, हे बरे झाले की आम्ही येणारच आहोत, आमच्याबरोबर चला. नको म्हणाले. "हरीच्या आडोशान गेलंय तर ता काय गेल्यासारख्या नाय. मी एकटो जातलंय."

म्हणून हे पत्र घाईत लिहिते आहे. बाहेर ते ओटीवर बसून आहेत, साडेनऊची एसटी पकडायची आहे. पत्र त्यांच्याच हाती देते. पाकीट चिकटवलेलं नाही. वाचायचं असेल तर वाटेत वाचतील, त्यात त्यांना ठाऊक नाही असं आता काही उरलेलं नाही.

ते दारात येतील तेव्हा बहुतेक काहीच बोलता येणार नाही त्यांना. एस्पेरांसाबाई त्यांना ओळखतील आणि दार लावून घेतील. बाईंना सांगा, लावू नका. भावोजींना आधी आत घ्या, बसवा. हा माणूस काल दुपारपासून जेवलेला नाही.

तुमची,
सुभद्रा